हिशेब जवाजवाचा, बक्षिसी शंभराची

बडीशेपेची बशी टेबलावर येते. तिच्याखाली दुमडलेला कागद असतो. तोवर रंगलेल्या गप्पा तिथेच तुटतात. कुणी मोबाइलमध्ये डोके घालतो, कुणाला नेमके तेव्हाच हात धुवायचे आठवते, आणि शेवटी एक जण विचारतो, "चला, पर हेड किती?" मोहम्मद अली रोडला, मिनारा मशिदीच्या गल्लीत, भेंडीबाजारात रमजानच्या रात्री हा प्रश्न टेबलाटेबलावर ऐकू येतो. दिवसभर भूक-तहान आवरणारा, जकातीचे अडीच टक्के पैशापैशाने मोजणारा माणूसही या एका हिशेबाला कंटाळतो. एकूण रकमेला माणसांनी भागायचे आणि मोकळे व्हायचे.

हा भागाकार कुणाला महागात पडतो, ते पाहण्यासाठी परळच्या भोईवाड्यातून निघालेला एक घोळका डोळ्यांसमोर आणावा. मुंबईत भोईवाडे दोन. एक भुलेश्वरचा, जिथून मिनारा मशीद चालत गाठता येते. दुसरा परळचा, केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये त्याच्या शेजारीच. या दुसऱ्या भोईवाड्यातून रमजानमध्ये एकदा तरी 'खायला' जायचे, हा तिथल्या कामगार-कर्मचाऱ्यांचा जुना रिवाज आहे. रोजा असणारे आणि नसणारे असे दोघेही त्यात असतात. परळला धीमी गाडी पकडायची आणि मस्जिद स्टेशनला उतरायचे.

समजा, असे सहा जण आहेत. एक वयाने मोठा लॅब टेक्निशियन, ज्याला सगळे 'भाई' म्हणतात. दोन सिस्टर, एक फार्मासिस्ट, एक कारकून आणि एक कंत्राटी वॉर्डबॉय. तिघांचा रोजा, तिघे सोबतीला. रमजान फेब्रुवारी-मार्चात आला की मगरिबची अजान पावणेसातच्या आसपास होते. खजूर आणि कापलेली फळे सिस्टरनी घरूनच आणलेली असतात. नमाज झाली की ऑर्डर सुटते. नल्ली निहारी दोन, सीक कबाब दोन प्लेट, एक फुल तंदुरी, बारा रोट्या, तीन बाटल्या पाणी. वॉर्डबॉय डाळ मागवतो. "आज सोमवार आहे ना," तो म्हणतो. सोमवार असतो म्हणून, किंवा सोमवारचे निमित्त बरे पडते म्हणून. कुणी खोलात शिरत नाही.

आता आकडे मांडू. निहारी ७२०, कबाब ४४०, तंदुरी ५२०, रोट्या २४०, डाळ १८०, पाणी ६०. बेरीज २,१६०. त्यावर पाच टक्के जीएसटी १०८. बिल २,२६८ रुपये. सहाने भागले की प्रत्येकी ३७८. फोन खिशातून निघतात, कोड स्कॅन होतो, विषय संपतो.

वॉर्डबॉयने खाल्ले काय? डाळ १८० रुपयांची, दोन रोट्या ४० रुपयांच्या, पाण्याचे १० रुपये. २३० रुपये, आणि कर धरून २४१ रुपये ५० पैसे. त्याने मोजले ३७८. म्हणजे त्याने दुसऱ्यांच्या तंदुरीत १३६ रुपये ५० पैसे घातले. आता उलट बाजू बघा. त्याच्याकडून त्याचेच पैसे घेतले असते, तर बाकीच्या पाच जणांना ३७८ ऐवजी ४०५ रुपये ३० पैसे पडले असते. प्रत्येकी २७ रुपये ३० पैसे जास्त. पाच जणांना न जाणवणारी रक्कम एकाच्या खिशाला मात्र चांगलीच जाणवते. कायम नोकरीत असलेल्याला आणि कंत्राटावर असलेल्याला १३६ रुपये सारखे नसतात. असा माणूस टेबलावर काही बोलत नाही. पुढच्या रमजानला त्याला नेमकी त्या दिवशी नाइट ड्युटी लागते, एवढेच.

खाल्ले ज्याचे त्याने भरावे, असे म्हणणे मराठी तरुणांत आता रुळले आहे. 'तुझं तू, माझं मी', म्हणजे टीटीएमएम. मुंबईच्या गल्लीत त्याला 'कॉन्ट्री काढणे' म्हणतात. मुस्लिम घरांत मात्र जेवणाच्या टेबलावर हिशेब काढणे अजून थोडे ओशाळवाणे वाटते. काउंटरवर दोघे एकमेकांचा हात धरून "नहीं मियाँ, आज आप नहीं" करत उभे असतात, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. उर्दूत एक फारसी म्हण सर्रास तोंडात येते: हिसाब-ए-दोस्ताँ दर दिल. मित्रांचा हिशेब मनात ठेवायचा. म्हण गोड आहे, पण तिच्यातली अडचणही तीच आहे. मनात ठेवलेला हिशेब मिटत नाही, साचतो.

दीनची शिकवण याबाबत कुणाला वाटते तेवढी लाजरी नाही. कुरआनच्या सूरह नूरमध्ये (आयत ६१) अल्लाहने एकत्र जेवण्याला आणि वेगवेगळे जेवण्याला, दोन्हींना मोकळीक दिली आहे. या आयतीत आंधळे, लंगडे आणि आजारी यांचा उल्लेख का आला, याचे एक स्पष्टीकरण तफसीरच्या ग्रंथांत सापडते. त्या काळी काही लोक अशा माणसांबरोबर एका ताटात जेवायला कचरत. कारण किळस नव्हती. आंधळ्याला चांगला तुकडा दिसणार नाही, आजाऱ्याचा हात सावकाश चालेल, आणि आपल्याकडून त्यांचा वाटा खाल्ला जाईल, अशी त्यांना धास्ती होती. ताटातल्या वाटणीची इतकी काळजी करणारी माणसे होती, आणि त्यांना सांगावे लागले की एवढे घाबरू नका.

जुम्म्याला सूरह कहफ वाचणाऱ्यांना त्या गुहेतल्या तरुणांची गोष्ट माहीत असते. दीर्घ झोपेतून जागे झाल्यावर ते आपल्यातल्या एकाला चांदीची नाणी देऊन शहरात पाठवतात, चांगले अन्न बघून आणायला. दहाव्या शतकातले हनफी फकीह अबू बक्र जस्सास यांनी या आयतीवरून एक नियम काढला. प्रवासातल्या मंडळींनी पैसे एकत्र करावेत, त्यातून अन्न घ्यावे आणि मिळून खावे, हे जायज आहे, जरी एखादा दुसऱ्यापेक्षा जास्त खात असला तरी. म्हणजे 'पर हेड' काढणे हराम वगैरे काही नाही. वर्गणीच्या जेवणाला फिकहमध्ये हजार वर्षांपूर्वीच जागा मिळालेली आहे.

पण त्या जागेला एक अट आहे, आणि ती बुखारी शरीफमधल्या खजुराच्या हदीसमध्ये सापडते. मदीनेत दुष्काळाचे वर्ष होते, लोकांना खजूर मिळत होता, सगळे एकत्र बसून खात होते. अब्दुल्लाह इब्न उमर जवळून जाताना त्यांना बजावत की दोन-दोन खजूर एकदम उचलू नका, पैगंबरांनी (सल्लल्लाहू अलैहि वसल्लम) ते मना केले आहे. सोबत बसलेल्या भावाची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. सामायिक ताटात जास्त खाणे चालते, पण विचारून. भोईवाड्याच्या टेबलावर तंदुरीची टांग उचलणाऱ्यांनी वॉर्डबॉयला काही विचारले नव्हते. "सहा भाग करू ना रे?" असे बिल आल्यावर सर्वांसमोर विचारले, तर तो 'हो' म्हणणारच. त्या 'हो'ला रजामंदी म्हणता येत नाही. विचारायचे ते ऑर्डर देण्याआधी, आणि ज्याचा वाटा कमी त्याने नव्हे, तर ज्याचा जास्त त्याने.

यातून निघणारी रीत सोपी आहे. ज्याने वेगळे आणि कमी खाल्ले त्याचे आधी बाजूला काढावे, मग उरलेल्याचे समान भाग करावेत. कबाबाचे तुकडे मोजत बसू नये. तो कंजूषपणा होतो आणि जेवणाची चवही जाते. कुणाला सगळ्यांना इफ्तार घालायचा असेल, तर रोजेदाराला खाऊ घालण्याचे सवाब मोठे आहे, त्याने जरूर घालावा. फक्त ते मेनू कार्ड उघडण्याआधी सांगावे. बिल आल्यावर जाहीर होणाऱ्या दिलदारीचा फायदा ज्याने भीत भीत डाळ मागवली त्याला होत नाही. तो उपाशीच राहिलेला असतो. भेंडीबाजारातच दाऊदी बोहरा कुटुंबांत आठ-आठ जण एका थाळाभोवती बसतात. मिठाच्या चिमटीने सुरुवात होते आणि वाढलेले सर्वांसमोर असते. तिथे कुणाची प्लेट लहान हा प्रश्नच येत नाही. हॉटेलात तो येतो, कारण तिथे प्रत्येक प्लेटला किंमत चिकटवलेली असते.

खरे तर भोईवाड्याला हा हिशेब कुणी शिकवायची गरज नाही. गिरणगावातल्या खाणावळींत तो पिढ्यानपिढ्या चालला. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार खाणावळवाल्या बाईकडे महिन्याने जेवत. एखादा गावी गेला, आजारी पडला, जेवायला आला नाही, तर त्याचा 'खाडा' धरला जाई आणि महिन्याच्या पैशांतून तेवढे कमी होत. न खाल्लेल्या घासाचे पैसे घेतले जात नव्हते. आणि हीच बाई संपाच्या काळात त्याच कामगारांना उधारीवर जेवू घालत असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळावे आणि सावकाराचा पाश सुटावा म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने गिरण्याच बुडवल्या, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी खाणावळींची उधारीही. भिवंडीत यंत्रमागावर राबणारे कामगार अजून अशाच खाणावळीत जेवतात. तिला तिथे 'भिशी' म्हणतात. खाडा चोख आणि उधारी मोकळ्या हाताची. उर्दू-हिंदीत यासाठी एक नेमकी कहावत आहे: हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. हिशेब जवाच्या दाण्याइतका बारीक, देणे मात्र शंभराने.

या कहावतीतला दुसरा शब्द थेट वेटरपर्यंत नेतो. मराठीत 'बक्षीस' म्हणजे इनाम, आणि 'बक्षिसी' म्हणजे खुशीने हातावर ठेवलेले पैसे. उर्दूत 'बख्शिश'चा हा अर्थ आहेच, पण दुसराही आहे: माफी, गुनाहांची क्षमा. रमजानचा मधला अशरा मगफिरतचा. त्या दहा दिवसांत हात उचलून मागितली जाते तीही बख्शिशच. एका शब्दात वर मागायचे आणि खाली द्यायचे असे दोन्ही बसलेले आहे. हॉटेलात बसलेला माणूस मात्र बहुधा मागण्यापुरताच हा शब्द लक्षात ठेवतो.

रमजानमधला वेटर हा काय माणूस असतो? मुस्लिम वस्तीतल्या बऱ्याच हॉटेलांची दुपार बंद असते आणि गर्दी मगरिबपासून सहरीपर्यंत. जेवणाऱ्यांचा रोजा सुटतो तेव्हा त्याचाही सुटतो, पण त्याचा इफ्तार उभ्यानेच होतो. तोंडात खजूर, हातात सहा ग्लास, आणि तीन टेबलांवरून एकदम हाक. कित्येक जण उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, ईदला गावी जाण्यासाठी पैसे जोडणारे. पैगंबरांची एक शिकवण याच माणसाबद्दल आहे असे वाटावे. सेवक जेवण घेऊन आला तर त्याला शेजारी बसवून घ्यावे, ते जमत नसेल तर निदान एक-दोन घास तरी त्याच्या हातावर ठेवावेत, कारण चुलीची धग त्याने सोसलेली असते. आजच्या हॉटेलात वेटरला शेजारी बसवता येत नाही, मालक ओरडेल. मग घासाच्या ऐवजी टीप.

ती किती द्यावी याला शास्त्र नाही. साध्या हॉटेलात लोक वीस-पन्नास ठेवतात, जरा मोठ्या ठिकाणी पाच ते दहा टक्के. टक्के काढायचे ते कर लागण्याआधीच्या रकमेवर. जीएसटी सरकारजमा होतो, त्यावर टीप कशाला? आधीच्या टेबलावर २,१६० चे दहा टक्के २१६ होतात. वॉर्डबॉयने २० आणि बाकीच्या पाच जणांनी ४०-४० दिले की २२०. कुणाला जड नाही, आणि वेटरच्या हातात पडणारी रक्कम कामाची.

हातात पडली तर. अडचण इथेच आहे. भाई म्हणतात, "सगळे चारचारशे टाका, वरचे टीपला." भाईंच्या फोनवर २,४०० जमा होतात. भाई काउंटरवरचा कोड स्कॅन करून २,२६८ भरतात, तेवढ्यात कुणीतरी "गाडी चुकेल" म्हणतो, आणि १३२ रुपये भाईंच्या खात्यातच राहतात. भाईंनी चोरी केलेली नाही. ते विसरले. पण सहा जणांनी वेटरच्या नावाने दिलेले पैसे अमानत होते, आणि रोजच्या लाखो व्यवहारांत अशा किती अमानती फोनमध्येच राहत असतील. पूर्वी वेटर गल्ल्याकडे बघून आवाज द्यायचा, गिऱ्हाईक नोट द्यायचे, सुटे पैसे बडीशेपेच्या बशीत परत यायचे आणि त्यातले काही बशीतच राहायचे. यूपीआयने सुट्या पैशांचा त्रास संपवला आणि बशीही रिकामी केली. काउंटरच्या कोडवर टीपचे पैसे वाढवून भरले तरी ते मालकाच्या खात्यात जातात. पुढे वेटरपर्यंत पोचतात की नाही, ते त्या हॉटेलच्या रीतीवर अवलंबून. काही ठिकाणी सगळ्यांची टीप एका डब्यात जमते आणि रात्री स्वयंपाकघरातल्यांसह वाटली जाते. ही पद्धत चांगली आहे, भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळतो. ते एकदा विचारून घ्यावे आणि रमजानमध्ये खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवाव्यात.

वातानुकूलित हॉटेलांत आणखी एक ओळ भेटते, 'सर्व्हिस चार्ज'. अनेकांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितले की हॉटेलांनी तो बिलात आपोआप जोडू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची भूमिका उचलून धरली. तेव्हा तो काढून टाका असे म्हणता येते. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण इथे एक गंमत होते. सर्व्हिस चार्जवर तावातावाने भांडून दोनशे रुपये वाचवणारे महाशय उठताना वेटरला काहीच न देता जातात. भांडण मालकाशी होते, फटका पोऱ्याला बसतो.

आणि रमजानमध्येच कानावर पडणारी ती पळवाट: "टीप म्हणून दिले, जकातमध्ये धरून टाकू." जकात कुणाला द्यायची ते सूरह तौबाने (आयत ६०) आठ प्रकारांत ठरवून दिले आहे. वेटर गरीब आणि हकदार असेल तर त्याला जकात देण्यात गैर काही नाही. पण ती त्याच्या सेवेचा मोबदला म्हणून देता येत नाही. मजुरीच्या जागी जकात चालत नाही, असे उलेमा सांगतात. ज्याने धावपळ करून गरम रोटी आणली त्याला वाटते ही आपल्या कामाची कमाई, आणि देणारा घरी जाऊन वहीत लिहितो, जकात इतकी अदा. एकाच नोटेने दोन देणी फेडण्याचा हा प्रकार. जकात वेगळी द्यावी, ईदी वेगळी, टीप वेगळी. जमत नसेल तर टीप थोडी कमी द्यावी, पण ती टीपच असावी.

आता पुन्हा त्या सहा जणांकडे. या वेळी समजा मोठ्या सिस्टरनी ऑर्डर देण्याआधीच सांगितले, "ह्याचं वेगळं काढायचं हं, बाकीच्यांचं समान. आणि टीप माझ्याकडे कॅशमध्ये द्या." वॉर्डबॉय थोडा लाजला, "राहू दे ना सिस्टर" म्हणाला, पण त्याच्या सोमवारचा जोर जरा ओसरला आणि त्याने कबाबाची एक प्लेट स्वतःसाठी मागवली. उठताना सिस्टरनी वयस्क वेटरला "चाचा, ये आपका" म्हणून नोटा दिल्या. चाचांनी त्या न मोजता वरच्या खिशात ठेवल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

बाहेर मिनारा मशिदीसमोर कढयांतून मालपुवे निघत होते. वॉर्डबॉय पुढे झाला. "मालपुआ माझ्याकडून," तो म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत पैसे भरूनही मोकळा झाला. दुकानदाराने त्या थाळीएवढ्या मालपुव्याचे आठ तुकडे केले, वर रबडी ओतली. माणसे सहा. उरलेल्या दोन तुकड्यांचे काय करायचे, यावरचा वाद मस्जिद स्टेशनच्या पुलावरही चालूच होता.